दोन मतांची तबकडी

माझा थोरला भाऊ केरबा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभा राहिला आणि त्याला दोन मतं पडली. मधला भाऊ नाथाजी, त्यानं त्या दोन मतांवर गाणं रचलं. आणि या दोघांची धाकटी बहीण मी, बनू, मी ते गाणं गायलं. एवढं सांगितलं की ऐकणारा खो खो हसतो. हसा बापडे! हसण्यासाठीच तर केलं होतं. पण हसून झालं की जरा बसा, कारण गोष्ट हसण्यापाशी संपत नाही.

आमचं माहेर पलूसच्या अलीकडं, कृष्णेच्या काठावर. वडील लवकर गेले. केरबादादानं तेव्हा नांगर धरला तो धरलाच. नाथाअण्णा मिसरूड फुटायच्या आत पलटणीत भरती झाला आणि मी लग्न होऊन माधवनगरला आले. आमच्या मालकांचे चार यंत्रमाग होते, त्या मागांना सुताच्या कांड्या भरण्यात माझी हयात गेली. मागाच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, म्हणून माझा आवाज असा. भांडते असं वाटतं लोकांना. कधी कधी भांडतेही.

केरबादादा बोलका होता, पण त्याचं बोलणं माणसांना पेलायचं नाही. एसटी उशिरा आली की तो कंडक्टरला कारण विचारायचा, आणि कारण सांगितलं की ते कसं खोटं आहे हे उतरेपर्यंत समजावून द्यायचा. पुढाऱ्याचं भाषण संपलं की हात वर करायचा. लोक त्याला लांबून बघून वाट बदलायचे. मग तो बैलाशी बोलायचा. चंद्या नावाचा त्याचा बैल होता, त्याला जिल्ह्याचं सगळं राजकारण ठाऊक होतं. असा माणूस. वाईट नव्हे, पण जेवायला शेजारी बसला तर भाकरी गार होणार हे नक्की.

एकोणसत्तर साली पंचायतीची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डात सगळी आमचीच भावकी. भावकीतले पुरुष भैरोबाच्या देवळात जमले आणि त्यांनी लालासाहेबाच्या नावानं बेल-भंडारा उचलला. म्हणजे तळहातावर बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घ्यायचा आणि देवासमोर शब्द द्यायचा, की मत ह्यालाच. हा शब्द मोडला तर घराला कीड लागते, असं मानणारी आमची माणसं. केरबादादानंही उचलला. लालासाहेब चुलत्याच्या नात्यातला, आधीचाच पंच, गोड बोलणारा, त्याला नाही म्हणायचं कारण नव्हतं.

आणि मग आठवड्याभरानं आई नदीवर धुणं घेऊन गेली ती गाळावरून घसरली. कंबर मोडली. नदीला पायऱ्या करा म्हणून बायका किती वर्षं सांगत होत्या, लालासाहेबाचं उत्तर ठरलेलं, "बघू की, काय घाई हाय?" केरबादादानं आईला पाठुंगळी घरी आणलं, अंथरुणावर टाकलं, आणि चिखलाच्या पायांनी तासगावला जाऊन उमेदवारीचा फॉर्म भरून आला. निशाणी मिळाली शिडी. तर हा गडी घरची खरीखुरी शिडी खांद्यावर घेऊन गल्लोगल्ली फिरायला लागला! कुत्री भुंकायची, पोरं मागं लागायची. आई अंथरुणावरून म्हणाली, "आरं, शिडी घिऊन फिरतुयास, पर आपल्याला माडी तरी हाय का चढाया?"

आईच्या दुखण्याचं ऐकून नाथाअण्णा सुट्टी काढून आला. मतदानाच्या दिवशी सकाळीच तो आईचं औषध आणायला सांगलीला गेला, तो दिवेलागणीला परतला. केरबादादानं आईला पाठीवर घेतलं आणि शाळेत मतदानाला नेलं. पाठोपाठ त्याची बायको, माझी मनूवैनी गेली. मोजणी झाली. शिडीला दोन मतं.

आता हिशोब सरळ होता. एक मत त्याचं स्वतःचं. उमेदवार स्वतःला मत देणारच. राहिलं एक. आई म्हणाली, "त्ये माझं." वैनी म्हणाली, "त्ये माझं." म्हणजे दोघींतली एक खोटं बोलतेय, हे उघड. गावाला तर दिवाळीच मिळाली. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "मनू, खरं सांग, कुणाला टाकलंस?" आईला वाटलं सुनेनं दगा दिला. वैनीला वाटलं, सासूनं भावकीच्या धाकानं लालासाहेबाला दिलं आणि आता आपल्यावर ढकलतेय. बोलणं बंद झालं. एकाच घरात, एकाच चुलीपाशी! आईला भाकरी हवी असली की ती घरामागच्या परड्यातल्या म्हशीकडं तोंड करून म्हणायची, "सांग गं तुझ्या मालकिणीला, भूक लागलीया." आणि वैनी भाकरी आणून ठेवायची, तोंडातून शब्द नाही. मी माहेरी गेले की दोघी मला बाजूला घेऊन रडायच्या. मी दोघींनाही खरं मानायचे, मग मनात म्हणायचे, बने, दोन्ही खरं कसं असेल? दुष्काळाच्या वर्षी आई गेली. तोवर असंच चाललं.

केरबादादा या सगळ्यात एक अक्षर बोलला नाही. एसटीच्या कंडक्टरला सोडत नव्हता तो माणूस! पण घरात मुका.

आता नाथाअण्णाकडं वळते. पलटणीत त्याच्या छातीचा दम बघून त्याला बँडमध्ये घातलं. आधी बिगुल, मग क्लॅरिनेट, मग साहेबांच्या मेसमध्ये नाचाच्या बाजाला बसवला. तिथल्या गोव्याच्या बँडमास्तरनं त्याच्या हातात गिटार दिली, आणि त्यानंतर अण्णाला दुसरं काही सुचलं नाही. एकाहत्तरच्या लढाईनंतर पेन्शन घेतली आणि पाचगणीच्या एका शाळेत बँड शिकवायला लागला. तिथली पोरं मोठ्या घरची, परदेशातून गाण्यांच्या तबकड्या आणायची. केस वाढवलेल्या गोऱ्या पोरांचं वाजवणं. अण्णा त्या पोरांच्या खोलीबाहेर उभा राहून ऐकायचा. त्याला एक गोष्ट फार भावली. त्या तबकडीत सुटी गाणी नव्हती. पहिल्या बाजूला सुरू झालेली गोष्ट दुसऱ्या बाजूला संपत होती, आणि त्यात ते लोक आपल्याच सरकारला, आपल्याच शेजाऱ्यापाजाऱ्याला टोचत होते.

"बने, ह्यो तर आपला शिमगा हाय गं," तो मला म्हणाला. "फकस्त त्यास्नी वीज जोडलीया."

दोन वर्षांनी पाचगणी सोडली आणि एक जुनी विजेची गिटार युरियाच्या पोत्यात बांधून एसटीनं गावी आला. धोतर, टोपी, झुपकेदार मिशा, आणि गळ्यात लाल गिटार. शाळामास्तरानं सांगितलं, ह्याला रॉक म्हणतात, रॉक म्हणजे खडक. गाव म्हणालं, बरोबर हाय, वाजतंय बी खडकावर घण घातल्यागत.

अण्णाला तबकडी काढायची होती. आमच्या गावाची, दोन्ही बाजूंनी मिळून एकच गोष्ट. पाचगणीच्या एका पोराचा मामा मुंबईत छोट्या रेकॉर्ड कंपनीत होता, त्यानं सांगितलं, टेप करून पाठवा, चांगली असली तर काढू. झालं! माझ्या घरातला सुखाचा घास गेला.

कारण ध्वनिमुद्रण करायचं ठरलं ते आमच्या मागाच्या शेडमध्ये. टेपरेकॉर्डर निजामभाईचा. निजामभाई माधवनगरचा माइकवाला. लग्न असो, उरूस असो, सभा असो, कर्णा त्याचाच. ढोलाला जतकडचा धनगर बिराप्पा. आणि ताल कशाचा? तर मागाचा. सुट्टीच्या दिवशी अण्णा शेडमध्ये शिरला, चारी माग एकेक करून चालू करून ऐकले आणि म्हणाला, "तिसरा."

आमचे मालक म्हणाले, "अवो, त्यो लंगडा चालतोय. त्याचा धोटा अडकतोय."

"तवाच तर पायजे. आपलं गाव बी तसंच चालतंय."

खट-खटाक, खट, खट-खटाक. त्या लंगड्या मागावर बिराप्पानं ढोल धरला आणि माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. निजामभाईनं कर्णा परड्यातल्या विहिरीत सोडला आणि काठावरून माइक खाली धरला. गिटारीचा सूर विहिरीत जाऊन घुमून वर यायचा. शेजारीण पाण्याला आली ती घागर टाकून पळाली.

गाणी ऐकाल तर हसून पोट दुखेल. एका गाण्यात फक्त "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" एवढंच होतं. ढोल वाढतो, गिटार वाढते, आता भाषण सुरू होणार असं वाटतं, आणि पुन्हा "हॅलो, हॅलो." शेवटी टाळ्या. दुसऱ्या गाण्यात एका विहिरीचं तीन मंत्र्यांनी तीनदा उद्घाटन केलेलं, पाणी एकदाही लागलेलं नाही. तिसऱ्यात नुसती व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं, आणि नावं संपतात तोवर सभा संपते. मला अण्णा म्हणायचा, "गाऊ नगंस. भांड." भांडायला मला काय शिकवावं लागतंय होय? पण फौजी माणूस, एक ओळ मनासारखी येईपर्यंत सोडायचा नाही. माझा घसा बसला, सासूबाईंनी आल्याचा काढा केला आणि वर म्हणाल्या, "येवढ्या बोंबा मारायच्या हुत्या तर शेतात मारायच्या, पाखरं तरी उडाली असती."

सगळ्यात शेवटचं गाणं शिडीचं. त्याच्यावर तबकडी संपायची होती. अण्णानं रचलेलं असं :

शिडी हाय, माडी न्हाई,
चढायचं कुठं, ठावं न्हाई.
सासू म्हणती माझं माझं,
सून म्हणती माझं माझं,
एक खरी अन् एक खोटी,
सांग केरबा, खोटं कुणाचं?

टेपवर घेण्याआधी हे गाणं चौऱ्याहत्तरच्या शिमग्याला गावात वाजलं. आमच्या गावची एक रीत सांगायला पाहिजे. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी दारोदार जातात आणि ज्याची त्याची उणीदुणी काढून बोंब मारतात. सरपंच असो, सावकार असो, रागवायचं नाही. पण दोन नियम आहेत. बोंब त्याच्या दारात, तो समोर उभा असतानाच मारायची. आणि मग त्याला उत्तर द्यायची पाळी. तो काय बोलेल ते सगळ्यांनी गप उभं राहून ऐकायचं. त्यानंतर तो गूळ-शेंगदाणे वाटतो आणि मिटलं. आमच्याकडं म्हण आहे, दारात मारली ती बोंब, पाठीमागं मारली ती चहाडी.

तर बैलगाडीत बॅटरी, बॅटरीवर निजामभाईचा ॲम्प्लिफायर, आणि गाडीत उभा राहून अण्णा गिटार वाजवतोय, अशी वरात केरबादादाच्या दारात आली. मी गायले. गाव लोळून लोळून हसलं. केरबादादा उंबऱ्यात उभा होता. गाणं संपलं, सगळे गप झाले, आता उत्तर. त्यानं तोंड उघडलं. मिटलं. मग आत जाऊन ताट आणलं, मुकाट्यानं गूळ-शेंगदाणे वाटले आणि परड्यात निघून गेला. लोकांना वाटलं, बरी जिरली. मी मात्र त्याच्या मागं उभी असलेली मनूवैनी बघितली. तिनं पदर तोंडात कोंबला होता.

मग शेडमध्ये शिडीचं गाणं टेपवर घ्यायची वेळ आली. अण्णानं गिटार जुळवली, बिराप्पानं ढोल तापवला, आणि निजामभाईनं हात खिशात घातले.

"ह्ये गाणं मी धरणार न्हाई," तो म्हणाला.

"का रं?"

"केरबादादाचं उत्तर आलं न्हाई. तबकडी कोल्हापुरात वाजंल, सोलापुरात वाजंल, दादा तितं दारात उभा असणार हाय का? मग ती बोंब न्हाई ऱ्हात नाथाभाऊ, चहाडी हुती. उत्तर आणा, त्ये बी गाण्यात घालू. मग धरतो."

अण्णा भडकला. "मशीन तुजं म्हणून शानपना शिकवतोस व्हय? तबकडी हाय ही, भावकीची बैठक न्हवं!"

"मशीन माजं म्हणून न्हाई. गेल्या शिमग्याला तुमीच माजी बोंब मारली, माजा कर्णा शिंकतोय म्हणून. मी उत्तर दिलं का न्हाई? तुमी आईकलं का न्हाई?"

अण्णा मागाच्या पट्ट्याकडं बघत बसला. शिडीच्या गाण्याशिवाय त्याची गोष्ट संपत नव्हती, आणि उत्तराशिवाय गाणं होत नव्हतं. शेवटी मलाच माहेरी धाडलं. भावांची भांडणं मिटवायला बहीण, नाहीतर देवानं दिलीय कशाला?

केरबादादा रानात होता. मी सगळं सांगितलं. तो चंद्याला म्हणाला, "बनी आलीया. तिला सांग, गाणं लावा म्हणावं खुशाल. माजी ना न्हाई."

"दादा, नुसतं व्हय नको. उत्तर पायजे."

"उत्तर न्हाई माज्यापाशी."

मनूवैनी न्याहारीची पाटी घेऊन बांधावर आली होती. तिनं हे ऐकलं. पाटी खाली ठेवली आणि नवऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिली. सासरच्या रानात, दिवसाउजेडी, नणंदेच्या देखत. वैनी असं कधी करायची नाही.

"न्हाई कसं? अवं, आत्याबाई, तुमची आई, माज्याशी न बोलता गेल्या. मी भाकरी वाढली, पाय चेपलं, त्यास्नी वाटलं ही खोटारडी. आता ती तबकडी गावोगाव इचारंल, खोटं कुणाचं? मी खोटी आसंन तर खोटी म्हणून सांगा. आत्याबाई खोट्या आसत्याल तर तसं सांगा. पर सांगा! तुमी गप बसला की मीच खोटी ठरतीया."

केरबादादानं बैलाच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "एसटी कितीची हाय?"

दोघं माझ्याबरोबर माधवनगरला आले. शेडमध्ये त्याला माइकसमोर स्टुलावर बसवलं. मनूवैनी कांड्यांच्या पेटीवर बसली. मालकांनी तिसरा माग चालू केला, बिराप्पानं ढोल धरला, अण्णानं गिटारीचा तो करवतीसारखा सूर काढला. आणि मी भावाच्या तोंडाकडं न बघता गायले. "सांग केरबा, खोटं कुणाचं?" ढोल थांबला. माग तेवढा चालू राहिला. निजामभाईनं माइक पुढं सरकवला.

केरबादादा माइककडं बघतच राहिला.

"दादा," निजामभाई हळूच म्हणाला, "बैल हाय समजा."

दादानं मान डोलावली. घसा साफ केला.

"चंद्या," तो म्हणाला. बिराप्पाला हसू आलं, त्यानं ओठ दाबले. "चंद्या, दोन मतं पडली. दोन्ही खरी. एक आईचं हुतं. एक मनूचं हुतं."

मी वैनीकडं बघितलं. ती नुसती बघत होती.

"माजं मत मला न्हवतंच. मी भंडारा उचलला हुता. आई पडायच्या आदी उचलला. मग रागानं फारम भरला, पर देवाम्होरं दिलेला शबूद कसा मोडायचा? आईला पाठीवर घिऊन गेलो. तिला म्हनलं, आई, शिडीवर शिक्का मार. आन् मी पडद्यामागं जाऊन लालासाहेबाच्या नावावर मारला. ज्या पायऱ्यांपायी उभा ऱ्हायलो, त्यांच्याच इरुद्ध मारला." तो थांबला. खट-खटाक, खट. "ह्ये आईला कसं सांगायचं, चंद्या? तिच्या मोडक्या कमरंपरास मला भंडारा मोटा वाटला, ह्ये कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून गप बसलो. दोघी जळत हुत्या, मी बघत हुतो. मनू, तू खरी हुतीस. आई बी खरी हुती. खोटा मी."

खरं सांगू? मला दया नाही आली, राग आला. असा संताप आला की कांड्यांची पेटी उचलून त्याच्या अंगावर भिरकावावी. एका उमेदवारानं दुसऱ्याला मत दिलं, गाव आठ दिवस हसलं असतं आणि विसरलं असतं. त्यापायी माझी आई म्हशीशी बोलत मेली!

पण मी तोंड उघडायच्या आत गिटारीची तार झणझणली. अण्णानं गिटार काढून मागाला टेकवली होती. टेप चालूच होती. निजामभाईचा हात बटणाकडं गेला तसा अण्णानं तो धरला.

"ऱ्हाऊ दे चालू," तो म्हणाला, आणि माइकजवळ आला. "दादा, मी भंडारा उचलला न्हवता. तवा मी गावात न्हवतो. मी मोकळा हुतो. त्या दिवशी मी सांगलीला औषधाला गेलो. औषध घरातच हुतं."

अण्णानं माइक आपल्याकडं ओढला.

"तू निवडून आला असतास तर पंचायतीच्या मागं लागला असतास. मग रान कुणी बघितलं असतं? मला बँड सोडून नांगर धरावा लागला असता. म्हणून गेलो. तिसरं मत माजं हुतं आन् मी त्ये घिऊन पळालो. आन् वर तुज्यावरच गाणं रचलं. लाज वाटाया पायजे हुती मला."

केरबादादानं वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर ना राग होता ना काही.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "बाटली मीच आणून फळीवर ठेवली हुती आदल्या दिशी."

पाच वर्षं त्याला ठाऊक होतं. अण्णा पलटणीतून पत्रं पाठवायचा, हा त्याच्या वाटणीची शेंग पाखडून ठेवायचा. सुट्टीवर आला की कोंबडं कापायचा. आणि त्याला ठाऊक होतं.

अण्णा, लढाई बघून आलेला गडी, शेडच्या फरशीवर बसून रडला. केरबादादा वैतागून म्हणाला, "आता वाजीव की रं. त्यो माग कवापास्नं एकटाच वाजतोय."

अण्णानं गिटार घेतली. जे वाजवलं त्याला चाल नव्हती. बिराप्पानं हळूहळू ढोल धरला आणि टेपचं रीळ संपून फटफट करायला लागलं तेव्हाच ते थांबले.

टेप मुंबईला गेली. कंपनीच्या माणसानं ती आवडली म्हणून कळवलं. माइक टेस्टिंगच्या गाण्यावर तर तो खूष होता. फक्त शेवटी जी दोन माणसं बोलतात ती काढून टाका, म्हणाला. तबकडी गमतीची आहे, ऐकणाऱ्याचा विरस होतो. अण्णा स्वतः मुंबईला गेला आणि रीळ परत घेऊन आला.

"काढायचं की रं तेवढं," मीच म्हणाले. मला खरंच वाईट वाटलं होतं. एवढी वर्षं त्यानं दुसरं काही मागितलं नव्हतं.

"उत्तर काढलं की चहाडी ऱ्हाती," तो म्हणाला. एवढंच. रीळ निजामभाईच्या हवाली केलं. गिटार वाजवायचा, पण ती बिराप्पाच्या ढोलाबरोबर, जत्रांत. लोक पैसे लावायचे, तो टोपीत घ्यायचा.

पुढच्या शिमग्याला निजामभाई आपला टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या गावात आला. बैलगाडी केरबादादाच्या दारात लावली, कर्णा घराकडं केला आणि अख्खी टेप लावली. लोक हॅलो हॅलोला हसले, विहिरीला हसले. शिडीचं गाणं लागलं तेव्हा जास्तच हसले. मग दादाचा आवाज आला, "चंद्या, दोन मतं पडली," आणि गल्ली गप होत गेली. पाणवठ्यावर वैनीला खोदून विचारणाऱ्या बायका त्याच होत्या, त्या पदर सावरून उभ्या राहिल्या. लालासाहेबही होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली, आणि पुढच्या वर्षी नदीला पायऱ्या झाल्या, पण ते लाजेनं झालं की निवडणूक जवळ आली म्हणून, ते मला विचारू नका.

टेप संपली. दोन्ही भाऊ उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे होते. रीतीप्रमाणं आता गूळ-शेंगदाण्याचं ताट यायचं. मनूवैनी ताट घेऊन बाहेर आली, पण वाटलं नाही. निजामभाईपाशी गेली.

"भाऊ, जरा मागं घ्या की. त्ये माजं नाव हाय तितपतूर."

निजामभाईनं रीळ मागं फिरवलं. "एक आईचं हुतं. एक मनूचं हुतं." तिनं ते ऐकलं. "परत एकदा," म्हणाली. त्यानं परत लावलं. मग तिनं ताट माझ्या हातात दिलं आणि परड्यात गेली. मी मागोमाग गेले, म्हटलं रडत असेल तर धरावं.

ती रडत नव्हती. आईची ती म्हातारी म्हैस दावणीला रवंथ करत उभी होती. वैनीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "सांग गं आत्याबाईस्नी, दोघी बी खऱ्या हुतो म्हणून."